लॉनमधलं तण: पंप उचलण्याआधी गुडघ्यावर बसा

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले, की माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. बोलणं सगळ्यांचं एकच. "अहो, तुम्ही सांभाळता त्या लॉनमध्ये गवत झालंय." लॉन म्हणजे गवतच, पण समोरच्याला काय म्हणायचंय ते कळतं. उन्हाळाभर टँकरचं पाणी घालून जपलेल्या हिरवळीत आता ठिकठिकाणी वेगळाच, पोपटी हिरवा रंग दिसतोय. परवाच मशीन मारलंय, तरी मधूनमधून पाती बोटभर वर आलीत.

मी छत्रपती संभाजीनगरात बंगल्यांची, दोन शाळांची आणि काही मंगल कार्यालयांची लॉन सांभाळतो. या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय, आणि आपल्या अंगणात नेमकं काय चाललंय हे समजून घ्यायचं असलेल्या घरमालकांसाठीही. सांगायचंय ते एवढंच: तणाची जात ओळखल्याशिवाय त्याला हात लावू नका. ज्या उपायाने एक तण मरतं, त्याच उपायाने दुसरं दुप्पट होतं.

गारखेड्यातल्या एका बंगल्याचं उदाहरण घेतो. दीड गुंठ्याचं लॉन, मालक निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मी गेलो तेव्हा सर वैतागलेले होते. दर रविवारी एक पोरगा लावून त्यांनी सगळं तण हाताने उपटून घेतलं होतं. तीन रविवार झाले, आणि तण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. मी कोपऱ्यात गुडघे टेकून बसलो, तसे ते म्हणाले, "काय बघायलात एवढं? औषध मारा की."

मी एक काडी तोडून त्यांच्या हातात दिली आणि ती दोन बोटांत फिरवायला सांगितली. बोटांना कडा लागतात. मोजल्या तर तीन. गवताची काडी गोल असते किंवा चपटी असते, तीन कडांची नसते. पानंही तीन बाजूंना निघालेली, चकचकीत. मग खुरप्याने वीतभर माती उचलली आणि बोटांनी अलगद फोडली. आत तारेसारखं बारीक मूळ निघालं, त्यावर हरभऱ्याएवढी काळपट गाठ, पुढे पुन्हा तार, पुन्हा गाठ. एका काडीखाली सहा गाठींची माळ निघाली. एक गाठ नखाने फोडून नाकाशी धरली, तर दिवाळीच्या उटण्याचा वास आला. उटण्यात पडणारा नागरमोथा याच कुळातला.

हा लव्हाळा. आपल्या शेतकऱ्याला याची ओळख करून द्यायची गरज नाही. हराळी, कुंदा आणि लव्हाळा या तिघांनी घेतलेलं रान काय असतं ते ज्याने खोदलंय त्याला विचारा.

उपटल्यावर लव्हाळा वाढतो कसा? हरभऱ्याचे शेंडे खुडल्यावर काय होतं ते आठवा. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की बाजूचे डोळे फुटतात आणि झाड पसरतं. लव्हाळ्याच्या माळेत हेच जमिनीखाली चालतं. वरची काडी उभी असते तोवर माळेतल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात. आपण काडी ओढतो, ती मातीच्या वरच्या थरात तुटते, मुख्य गाठ खालीच राहते, आणि माळ तुटल्यामुळे बाकीच्या गाठी जाग्या होतात. एकाच्या जागी तीन कोंब येतात. सरांच्या पोराने तीन रविवार मन लावून काम केलं होतं, आणि त्याच्याच हाताने लव्हाळा पसरला होता.

मग लव्हाळ्यावर उपाय काय? उपाय उपटणंच, पण मोजून. गाठीत साठवलेलं अन्न खर्चून कोंब वर येतो. पाच-सहा पानं फुटेपर्यंत तो कर्जदार असतो, गाठीकडून घेत राहतो. त्यानंतर तो कमवायला लागतो आणि खाली नव्या गाठी धरायला सुरुवात करतो. म्हणून पाच पानं व्हायच्या आत खुरप्याचं टोक घालून, शक्यतो गाठीसकट, तो काढायचा. पावसाळ्यात म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी, एकही पाळी न चुकवता. जुनी भरलेली गाठ दहा-बारा वेळासुद्धा पुन्हा फुटू शकते, त्यामुळे एका हंगामात संपेल असं ग्राहकाला सांगू नका. पण प्रत्येक वेळी तिची शिल्लक कमी होते. बऱ्याचशा गाठी वरच्या सहा इंचांत असतात, हेही आपल्या बाजूचं. पट्टा लहान असेल, चटईएवढा, तर मी सरळ तेवढी माती सहा-आठ इंच उकरून चाळतो, गाठी वेचतो आणि लॉनचा नवा तुकडा बसवतो. वेचलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. उन्हात पत्र्यावर वाळवा. कोरड्या उन्हात गाठ मरते, म्हणून तर शेतात उन्हाळी खोल नांगरट करतात.

सरांच्या लॉनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. लव्हाळा सगळीकडे सारखा नव्हता, एका कोपऱ्यात दाट होता. तिथे माती दाबली तर पाणी वर आलं. स्प्रिंकलरच्या पाइपाचा जोड गळत होता. लव्हाळ्याला ओल आवडते. तो दाट असेल तिथे आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाणी शिंपडायची सवयही त्याला पोसते. आठवड्यातून दोनदा, पण वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. लॉनची मुळं खाली जातात आणि वरचा थर मधल्या दिवसांत कोरडा राहतो. त्या कोरड्या थरात नव्या तणाचं बी रुजत नाही.

बियांवर जगणारी तणं

लव्हाळ्यावर एवढं थांबलो, कारण गेलेली लॉनं मी बघितली ती बहुतेक त्यानेच गेलेली. बाकीची बरीचशी तणं बियांवर जगतात, त्यांचा हिशोब सोपा: बी धरायच्या आत काढा. प्रत्येकाची खोड मात्र वेगळी आहे, आणि ती मला पुस्तकापेक्षा आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या मावश्यांनी शिकवली. जालना जिल्ह्यातल्या कपाशीच्या रानात निंदण करत त्यांची हयात गेली. दोन पानांचं रोप असतानाच त्या नाव सांगतात. या धंद्यात सगळ्यात मोठं ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि सगळ्यात कमी पैसे त्यांनाच मिळतात, हे मला मनापासून खटकतं. आम्ही त्यांची हजेरी कटिंग करणाऱ्या पोराएवढीच ठेवली आहे.

घोळ उपटून तिथेच लॉनवर टाकू नका. मांसल खोडाचा बोटभर तुकडासुद्धा ओल मिळाली की मुळं धरतो, आणि उपटलेल्या रोपावर बी पिकत राहतं. लॉनवर फवारणी झालेली नसेल तर मावश्या तीच घोळ पिशवीत भरून भाजीला नेतात. केना निळ्या फुलांवरून ओळखू येतो, पण त्याची काही फुलं जमिनीखाली लागतात आणि तिथेच बी धरतात, म्हणून तो मुळासकट निघाला पाहिजे. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटून बी लांब उडतं. शेंग हिरवी असतानाच काढून थेट पिशवीत टाका. एकदांडीचं बी वाऱ्यावर येतं, तुमच्या लॉनमध्ये नसली तरी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून येणार. सराटा दिसला तर त्याच दिवशी काढा, लॉनवर पोरं अनवाणी खेळतात.

गाजरगवताबद्दल थोडं जास्त. आपल्याकडे त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं. एका झाडाला हजारो बिया येतात. लहानपणी ते जमिनीला चिकटून, मुळ्याच्या पाल्यासारखं पसरतं, त्यामुळे मशीनचं पातं त्याच्या वरून निघून जातं आणि आपल्याला वाटतं कटिंग झाली. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दमा होतो. हातमोजे घालूनच काढा, आणि फुलं यायच्या आत काढा.

आणि मग हराळी. ही सगळ्यात अवघड, कारण ती गवतच आहे. देशी लॉन म्हणून आपण मुद्दाम लावतो ती हराळी, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती हराळी, आणि मेक्सिकन लॉनमध्ये घुसली की तण म्हणून ग्राहक ओरडतात तीही हराळीच. रुंद पानांच्या तणावर चालणारं औषध तिला काही करत नाही, आणि तिला मारणाऱ्या औषधातून लॉनही सुटत नाही. सुरुवातीलाच दोन-चार धावते कोंब दिसले तर गाठीगाठीतून सोडवून काढता येतात. अर्ध्या लॉनमध्ये पसरली असेल, तर मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो: हराळीच राहू द्या. ती उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. ज्या मुलखात एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात पिवळं पडणारं लॉन असणं मला गैर वाटत नाही. तीन घरांनी माझं ऐकलं. त्यांची लॉनं आज चांगली आहेत आणि पाण्याचा खर्च उतरला आहे.

तण येतं कुठून

पैसे घेऊन तण आपणच आणून टाकतो, असं मी बरेचदा बघितलंय. मे महिन्यात लॉनवर खत-माती पसरायची पद्धत आहे. ती माती शेतातली काळी असते, शेणखत अर्धवट कुजलेलं असतं. जनावराने खाल्लेल्या गवताचं कितीतरी बी पोटातून जिवंत बाहेर पडतं. नीट कुजलेल्या खताच्या गरमीने ते मरतं, कच्च्या खतात टिकतं. मृगाचा पाऊस पडला की दहा दिवसांत सगळं उगवून येतं. म्हणून खत घेताना मूठभर हातात घ्या. शेणाचा वास येतोय, काड्या ओळखू येतायत, तर ते परत पाठवा. शंका असेल तर पाटीभर माती घराशी ओली करून आठ-दहा दिवस ठेवा. काय उगवतं ते बघूनच गाडी मागवा.

लॉनचे तयार तुकडे उतरवतानाही असंच. गाडी आली की प्रत्येकाला घाई असते. तरी दर दहावा तुकडा उलटा करून खालची बाजू बघा. गाठी दिसल्या तर तो माल घेऊ नका.

तिसरी वाट आपल्याच मशीनची. एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात जाताना पात्याखाली चिकटलेल्या ओल्या गवतात बी असतं. आम्ही आता प्रत्येक ठिकाणाहून निघताना मशीन उलटवून ब्रशने झाडतो, बुटांचे तळवेही. पाच मिनिटं लागतात. आणि दिवसाची सुरुवात सगळ्यात स्वच्छ लॉनपासून करतो, तणाचं घर शेवटी ठेवतो.

मंगल कार्यालयांचं दुखणं निराळं. लग्नसराईत चार दिवस मांडव, खाली कार्पेट, वर हजार माणसांची ये-जा. कार्पेट उचललं की खाली पिवळं, मेलेलं लॉन आणि धोंड्यासारखी घट्ट माती. जागा उघडी पडली की तणच आधी येणार, कारण त्याचं बी आधीपासून तिथे पडून असतं. अशा ठिकाणी तणनाशक मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तिथे काटेरी फावड्याने भोकं पाडून माती मोकळी करा, बारीक वाळू आणि कुजलेलं खत भरा, लॉनचे कोंब पुन्हा लावा, आणि मालकाकडून दोन समारंभांमध्ये काही दिवसांची मोकळीक मागून घ्या.

कटिंगची उंचीही इथेच आली. ग्राहकाला गालिचा हवा असतो, म्हणून आपण जमिनीलगत कापतो. असं सोललेलं लॉन उन्हाला माती दाखवतं आणि तणाच्या बियांना नेमकं तेच हवं असतं. एका कटिंगमध्ये उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नका. पावसाळ्यात पातं एक खूण वर ठेवा. दाट, जरा उंच लॉनच्या सावलीत बारीक बी मान वर काढू शकत नाही.

औषधाची गोष्ट

एवढं सगळं करून जे उरेल त्यासाठी औषध. तणनाशकांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, बी रुजतानाच मारणारं. पेंडीमेथालीन यातलंच, सोयाबीनवाल्यांना माहीत आहे. उगवून आलेल्या तणावर ते काम करत नाही, त्यामुळे जुलैत तण बघून ते मारण्यात अर्थ नाही. पावसाच्या आधी, बी झोपलेलं असताना पडलं तरच उपयोग. दुसरा प्रकार निवडक: २,४-डी रुंद पानांच्या तणाला मारतं, गवताला सोडतं. हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल लव्हाळ्यावर चालतं. तिसरा प्रकार सरसकट, समोर येईल ते हिरवं मारणारा. ग्लायफोसेट त्यातलं. ते लॉनलाही मारतं हे एक, आणि २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल चालकांपुरता मर्यादित केला हे दुसरं. दुकानात मिळालं म्हणून पंपात भरायचं नाही.

मात्रेचा हिशोब नीट बघा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हॅलोसल्फ्युरॉन मुळात उसातल्या लव्हाळ्यासाठी येतं, तिथे ७५ टक्क्यांच्या औषधाची मात्रा एकरी ३६ ग्रॅम आहे. एकरात ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ०.९ ग्रॅम. सरांच्या दीड गुंठ्याला सव्वा-दीड ग्रॅमच्या मध्ये. चिमूटभर! एकरी २०० लिटर पाणी धरलं तर दीड गुंठ्याला साडेसात लिटर, म्हणजे अर्धा पंप. आता "एक टोपण टाका, होऊन जाईल" म्हणणारा पोरगा तिथे किती पट औषध ओततो ते तुम्हीच मोजा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि गाडीत कायम ठेवा. आणि लेबलवर जे नाही ते लॉनवर करायच्या आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी आधी खाटेएवढ्या कोपऱ्यात मारून पंधरा दिवस बघा. लव्हाळा हळूहळू पिवळा पडतो. आठ दिवसांत मेला नाही म्हणून दुसरी मात्रा देऊ नका. फवारणीच्या आधी आणि नंतर दोन दिवस कटिंग नको, औषध पानातूनच खाली गाठीपर्यंत जायचं असतं.

२,४-डीबद्दल माझी एक चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी ते मारलेला पंप दोनदा पाण्याने खंगाळला आणि त्याच पंपाने एका घरच्या जास्वंदीवर विद्राव्य खत फवारलं. आठवड्यात जास्वंदीचे शेंडे वळले, पानं आक्रसून अरुंद झाली. त्या घरच्या काकूंनी ती झाडं सासूबाईंच्या हातची म्हणून जपली होती. मी नवीन झाडं आणून दिली, पण ती त्या झाडांची भरपाई नव्हती. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल पट्टी. शहराच्या कडेला तर आणखी जपायला हवं, कारण कुंपणापलीकडे कपाशी असते. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, आणि या औषधाची वाऱ्यावर गेलेली वाफसुद्धा कपाशीची पानं भेंडीसारखी चिरून टाकते. वारा असेल तर फवारणी नाही, मग ग्राहक कितीही घाई करो. नोझल चपट्या फवाऱ्याचं, टोक जमिनीजवळ, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारलेल्या लॉनवर पोरं आणि कुत्री किती वेळ येऊ द्यायची नाहीत ते घरातल्या प्रत्येकाला सांगून निघा, कामवाल्या ताईंनाही.

ग्राहकाला काय सांगायचं हा शेवटचा भाग, आणि तिथे आपण कमी पडतो. "मुळापासून संपवतो" असं म्हणू नका. मी आता पहिल्या भेटीत एक फूट बाय एक फुटाची तारेची चौकट घेऊन जातो. लॉनवर दहा ठिकाणी न बघता टाकतो आणि किती चौकटींत तण निघालं, कुठल्या जातीचं, ते ग्राहकासमोर वहीत लिहितो. त्यावरून किती पाळ्या लागतील ते सांगतो. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला, पुढे महिन्याला. दोन महिन्यांनी पुन्हा चौकट टाकतो. आकडा उतरला असेल तर ग्राहक स्वतः बघतो, उतरला नसेल तर मला माझी चूक शोधावी लागते.

सरांच्या लॉनमध्ये पहिल्या वेळी दहापैकी आठ चौकटींत लव्हाळा होता. पाइपाचा जोड बदलला, पाण्याच्या पाळ्या बदलल्या, आणि मावश्यांनी पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी खुरपं चालवलं. औषध एकदाच, तेही फक्त त्या कोपऱ्यात. दुसऱ्या वर्षी मृगानंतर तीन चौकटी निघाल्या. यंदाही पावसाने पंधरा दिवस केले आणि सकाळी सातला सरांचा फोन आला. "तुळशीपाशी दोन कोंब आहेत. चौथं पान आलंय, पाचवं निघायलंय. मावशींना कधी पाठवता?"